ज्याचं नाव बॅगेवर, त्यानं ती बॅग पाहिलीच नाही

तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर ती बॅग तुम्ही नक्की पाहिली असेल. चॉकलेटी रंगावर सोनेरी-पिवळसर अक्षरं, एकमेकांत अडकलेली एल आणि व्ही, मध्ये मध्ये चार पाकळ्यांची फुलं. खरी असेल तर तिची किंमत तुमच्या तीन वर्षांच्या फीपेक्षा जास्त असू शकते. रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतली असेल तर घासाघीस करून साताठशेत मिळालेली असते. आणि बॅगवाली मैत्रीण स्वतःच हसून सांगते, 'अगं, फर्स्ट कॉपी आहे!'

लाज वगैरे कुणाला वाटत नाही, आणि आज मी तुम्हाला त्यावर लेक्चरही देणार नाही. फक्त ती दोन अक्षरं ज्याच्या नावाची आहेत, त्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव लुई व्हिताँ. हा माणूस फॅशन डिझायनर नव्हता. त्याच्या हयातीत त्याच्या दुकानाची ओळख खांद्याला लावायच्या बॅगा ही कधीच नव्हती. आणि जी नक्षी बघून तुम्ही लांबूनच ब्रॅण्ड ओळखता, ती नक्षी जन्मली तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

मग त्यानं केलं काय? तो सामान बांधायचा. दुसऱ्यांचं.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या बाजूला, जुरा नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या आंशे नावाच्या छोट्याशा वस्तीत ४ ऑगस्ट १८२१ रोजी लुईचा जन्म झाला. वडील शेतकरी, आई टोप्या शिवायची. लुई दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सावत्र आईशी या पोराचं काही जमलं नाही. तिच्या कडकपणाचे बरेच किस्से नंतर रंगवून सांगितले गेले. त्यातले खरे किती, ते सोडून द्या. एक मात्र खरं की १८३५ मध्ये, चौदावं पूर्ण व्हायच्या आत, या मुलानं घर सोडलं आणि तो पॅरिसच्या दिशेनं चालायला लागला.

'चालायला लागला' हे अगदी शब्दशः घ्या. आंशेपासून पॅरिस साधारण ४७० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वारीत निदान पुढे-मागे माणसं असतात, मुक्काम ठरलेला असतो, कुणीतरी भाकरी पुढे करतं. हा एकटा होता. खिशात पैसे नाहीत, म्हणून वाटेत मिळेल ते काम करायचं, जमेल तिथे झोपायचं, पुन्हा चालायचं. तबेले, स्वयंपाकघरं, छोट्या कार्यशाळा, जिथे हात लागतील तिथे राबायचं. पोहोचायला त्याला दोन वर्षं लागली. तुमची अकरावी-बारावी जेवढ्या काळात होते, तेवढा काळ हा मुलगा रस्त्यावर होता.

१८३७ साली तो पॅरिसला पोहोचला. त्याच वर्षी पॅरिसमधून पहिली प्रवासी रेल्वे सुटली, सां जर्मेनच्या दिशेनं. ही गाडी लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

पॅरिसमध्ये सां ओनोरे रस्त्यावर मारेशाल नावाच्या एका पेटीवाल्याकडे तो उमेदवारीला लागला. हा धंदा आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. तुम्ही गोव्याला निघता तेव्हा सॅकवर बसून चेन ओढता, झालं पॅकिंग. त्या काळच्या श्रीमंत बाईचं असं नव्हतं. तिच्या एका घेरदार झग्याला कितीतरी मीटर कापड लागायचं, आत सांगाड्यावर ताणलेले थर असायचे, वर लेस, मोती, फिती. असे पंधरा-वीस झगे, टोप्या, पंखे, बाटल्या घेऊन ती महिन्यादोन महिन्यांसाठी गावाला जायची. ते सगळं न चुरगळता, न फुटता पोहोचवायचं तर त्यासाठी खास माणूस बोलवावा लागे. तो घरी यायचा, सामान बघायचा, त्या मापाच्या लाकडी पेट्या बनवायचा, आणि स्वतःच्या हातानं एकेक कपडा घडी घालून आत लावायचा. मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर पेट्यांचे खिळे उपटून माल बाहेर काढायचा. पेटी बनवणारा आणि सामान बांधणारा, अशी दोन्ही कामं एकाच धंद्यात यायची.

लुईनं हे काम एकदोन नाही, सतरा वर्षं केलं. मला स्वतःला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि चकचकीत व्हिडिओंमध्ये नेमका हाच भाग दोन सेकंदांत उरकलेला असतो. सतरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात. या काळात त्यानं काय पाहिलं असेल? कोणतं कापड कुठे चुरगळतं, कोणती बाटली कशी ठेवली की गळत नाही, पेटीचा कोणता कोपरा आधी फुटतो, पावसात चामड्याला काय होतं. पुढे त्यानं जे जे केलं, त्याचं मूळ या सतरा वर्षांत आहे.

मोठा ब्रेक मिळाला १८५३ मध्ये. तिसरा नेपोलियन तेव्हा नुकताच फ्रान्सचा सम्राट झाला होता आणि त्याच वर्षी त्यानं युजेनीशी लग्न केलं. (आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेच हे साल.) युजेनी म्हणजे त्या काळची सगळ्यात मोठी इन्फ्लुएन्सर म्हणा ना! ती जे घालायची ते पॅरिस घालायचं, आणि पॅरिस घालायचं ते अर्धा युरोप. तिच्या सतत फिरण्यासाठी सामान बांधायला एक भरवशाचा माणूस हवा होता. ते काम लुईकडे आलं. चालत शहरात आलेला पोरगा आता सम्राज्ञीचे झगे घडी घालत होता.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यानं दोन गोष्टी केल्या. सतरा वर्षांच्या क्लेमांस-एमिली पारियोशी लग्न केलं आणि मारेशालची नोकरी सोडून स्वतःचं दुकान थाटलं. दुकान फॅशनच्या वस्तीत होतं, न्यूव्ह दे कापुसीन रस्त्यावर. बाहेरच्या पाटीवर साधी जाहिरात होती: नाजूक वस्तू सुरक्षित बांधून मिळतील, फॅशनच्या कपड्यांचं काम खास. बघा, तेव्हाही तो पेट्या 'विकतो' असं मिरवत नव्हता, सामान बांधून देतो असंच सांगत होता.

आता त्या रेल्वेकडे येऊ.

तोपर्यंतच्या प्रवासी ट्रंका तुम्ही जुन्या सिनेमात पाहिल्या असतील. झाकण घुमटासारखं फुगीर. हा आकार शोभेसाठी नव्हता. घोडागाडीत सामान टपावर असायचं, पाऊस पडला की पाणी झाकणावरून घरंगळून खाली जावं यासाठी तो उतार. आच्छादनाला बहुधा चामडं. चामडं जड, ओल लागली की डाग पडणार, वास येणार, चिरा जाणार. घोडागाडीला हे चालून गेलं. पण रेल्वेच्या डब्यात आणि जहाजाच्या पोटात सामान एकावर एक रचायचं असतं. गोल झाकणावर दुसरी पेटी ठेवून बघा, राहील का?

१८५८ मध्ये लुईनं ट्रंकेचं झाकण सपाट केलं. वाचायला किती फालतू वाटतं ना हे वाक्य? पण तुम्ही आज एअरपोर्टच्या पट्ट्यावर ज्या चौकोनी सूटकेसा बघता, त्या सगळ्या या एका कल्पनेच्या नात्यातल्या. सपाट झाकण शक्य झालं ते कापडामुळे. चामडं काढून त्यानं पाणी न झिरपणारं कॅनव्हास पेटीवर चिकटवलं. आतला सांगाडा पॉप्लर या हलक्या लाकडाचा, बाहेरून लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांना धातू. पाणी आत शिरत नसेल तर उताराची गरजच उरत नाही. कॅनव्हासचा रंग फिका करडा होता आणि त्याला नाव होतं त्रियानाँ. नक्षी काही नाही, अक्षर काही नाही. नुसता करडा.

म्हणजे आज जगातल्या सगळ्यात ओळखू येणाऱ्या नक्षीच्या घराण्याची सुरुवात बिननक्षीची आहे.

माल खपायला लागला. १८५९ मध्ये त्यानं पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीकाठी आनिएर गावात कार्यशाळा काढली. जागा हुशारीनं निवडली होती: पॉप्लरचं लाकूड नदीतून होडीनं येणार, आणि तयार पेट्या रेल्वेनं दुकानाच्या जवळच्या सां लझार स्टेशनला जाणार. सुरुवातीला वीसेक माणसं कामाला होती. स्वतःचं घरही त्यानं तिथेच बांधलं. १८६७ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात त्याला ब्राँझ पदक मिळालं.

आणि मग कॉपी सुरू झाली.

करड्या कापडाची सपाट पेटी बनवायला रॉकेट सायन्स लागत नाही. शेजारपाजारच्या पेटीवाल्यांनी पाहिलं, हे चालतंय, आणि त्यांनीही करड्या पेट्या काढल्या. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द नव्हता, प्रकार तोच होता. लुई त्यावर काय करणार, या विचारात असतानाच त्याच्यावर दुसरंच संकट कोसळलं.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. तिसरा नेपोलियन हरला, कैद झाला, युजेनी इंग्लंडला पळाली. म्हणजे लुईची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक एका रात्रीत इतिहासजमा! पॅरिसला वेढा पडला. त्या हिवाळ्यात पॅरिसकरांनी घोडे खाल्ले, उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले हत्तीसुद्धा सोडले नाहीत. ट्रंका कोण घेणार? आनिएर शहराच्या तटाबाहेर होतं. युद्ध संपल्यावर लुई तिथे परत गेला तेव्हा कार्यशाळा लुटलेली होती. हत्यारं गेली होती, माल गेला होता, कारागीर पांगले होते. वय पन्नास.

इथे जरा थांबून विचार करा. आईबाबांच्या वयाचा माणूस, पस्तीस वर्षांची कमाई गेलेली, राजाश्रय संपलेला. आनिएरचं काम त्यानं पुन्हा उभं केलंच, पण दुकान आणखी भारी जागी नेलं, स्क्रिब रस्त्यावर. समोर ग्राँ होतेल, म्हणजे शहरातलं बडं हॉटेल. नवं ऑपेरा हाउस बाजूलाच बांधलं जात होतं. राजवाडा गेला तर गेला, आता पैसा हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशांकडे आहे, हे त्यानं ओळखलं. सम्राज्ञीची जागा इंग्रज लॉर्ड आणि अमेरिकन उद्योगपतींनी घेतली.

१८७२ मध्ये त्यानं करड्या कॅनव्हासऐवजी पट्ट्यापट्ट्यांचं कॅनव्हास आणलं. आधी फिक्या रंगावर लाल पट्टे, पुढे फिका आणि तपकिरी. दुकानात रांगेनं ठेवलेल्या पेट्यांत आपली पेटी लांबून कळावी, हा हेतू. काही वर्षं चाललं. मग पट्टेही कॉपी झाले. पट्टे काय, कुणीही मारतो.

तोवर मुलगा हाताशी आला होता. जॉर्ज, जन्म १८५७. बापानं त्याला इंग्रजी शिकायला जर्सी बेटावर पाठवलं होतं, आणि ते पैसे वसूल झाले. १८८५ मध्ये जॉर्जनं लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान काढलं. बापलेकांनी मिळून ट्रंकेच्या कुलपावरही डोकं लढवलं. चोरांना तेव्हाची कुलपं म्हणजे खेळणं होतं. यांनी अनेक खिट्ट्या असलेलं कुलूप बनवलं आणि प्रत्येक कुलपाला नंबर दिला. एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या पेट्यांना एकच किल्ली चालायची. पुढे जॉर्जनं प्रसिद्ध जादूगार हुदिनीला जाहीर आव्हान दिलं की आमच्या पेटीत बंद करतो, सुटून दाखव, आणि हुदिनीनं ते घेतलं नाही, असा किस्सा कंपनी आजही अभिमानानं सांगते. मार्केटिंग काही आजच्या पिढीनं शोधलेलं नाही!

१८८८ मध्ये आली दामिए. दामिए म्हणजे बुद्धिबळाचा पट. तपकिरी आणि फिक्या रंगाचे चौकोन. हीसुद्धा तुम्ही पाहिलेली आहे, जाळीदार चौकड्यांच्या पाकिटांवर, पट्ट्यांवर. पण मूळ दामिएत एक गोष्ट होती जी लांबून दिसत नाही. काही चौकोनांत बारीक फ्रेंच अक्षरांत लिहिलेलं होतं की हा एल. व्हिताँचा नोंदणीकृत मार्का आहे. पहिल्यांदाच नाव पेटीच्या आतल्या लेबलवरून बाहेर, कापडावर आलं.

हे पाऊल किती शहाणपणाचं होतं, हे कळायला सव्वाशे वर्षं पुढे जाऊ. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयात प्रश्न आला की हे चौकोन, नावाशिवाय, एकट्या या कंपनीच्या मालकीचे असू शकतात का? न्यायालयानं नाही म्हटलं. चौकड्या ही अगदी साधी, जुनी नक्षी आहे, त्यावरून माल कुणाचा हे गिऱ्हाइकाला आपोआप कळत नाही, असा तर्क होता. तुमच्यापैकी जे लॉ करत असतील, त्यांनी हे प्रकरण जरूर काढून वाचावं. चौकोन सगळ्यांचे. लुईचं स्वतःचं असं त्यात एकच होतं, त्याचं नाव.

१८८९ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा जागतिक प्रदर्शन भरलं, आयफेल टॉवर उभा राहिला तेच. त्यात लुईला सुवर्णपदक मिळालं. तीन वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८९२ रोजी, आनिएरच्या घरी तो वारला. सत्तर वर्षांचा होता. तो गेला तेव्हा चौकड्यांचीही नक्कल बाजारात फिरत होती.

खरं तर त्याचं चरित्र इथे संपतं. पण ज्या नक्षीमुळे आपण त्याला ओळखतो ती अजून यायचीय, त्यामुळे आणखी थोडं थांबा.

१८९६ मध्ये जॉर्जनं बसून नवी नक्षी काढली. वडिलांच्या नावाची आद्याक्षरं, एल आणि व्ही, एकमेकांत गुंतवली. त्याच्या आजूबाजूला तीन आकार: वर्तुळात बसवलेलं गोल पाकळ्यांचं फूल, बाजू आत वळलेल्या शंकरपाळ्यात बसवलेलं टोकदार पाकळ्यांचं फूल, आणि तेच टोकदार फूल सुटं. हे आकार आले कुठून? कुणी म्हणतं, त्या वेळी पॅरिसला जपानी कलेचं वेड लागलं होतं आणि जपानी घराण्यांच्या गोल कुलचिन्हांवरून ते घेतले. कुणी जुन्या गॉथिक चर्चच्या खिडक्यांकडे बोट दाखवतं. एक मत असंही आहे की आनिएरच्या घरात स्वयंपाकघराला ज्या फरशा लावल्या होत्या, त्यांच्यावरची फुलं ही. मला विचाराल तर मी फरशांच्या बाजूनं आहे. रोज सकाळी कॉफी पिताना समोर जे दिसतं, तेच पोटातून येतं. अर्थात हा माझा अंदाज, पुरावा नाही.

या नक्षीची मेख कळली का? करडा रंग, पट्टे, चौकोन यांची नक्कल करणारा म्हणू शकत होता की मला सुचलं, मी केलं. पण दुसऱ्याच्या बापाची आद्याक्षरं तुम्हाला कशी 'सुचतील'? नक्कल करायची तर आता चोरी उघडच करावी लागणार होती. जॉर्जनं कॉपी थांबावी म्हणून ही नक्षी काढली, आणि तीच पुढे जगात सगळ्यात जास्त कॉपी होणाऱ्या नक्ष्यांपैकी एक झाली. आपल्या कट्ट्यावरच्या बॅगेपर्यंत ती आली ती अशी.

आता हॅण्डबॅग कुठून आली ते सांगतो, आणि यावर तुम्ही हसणार. १९०१ मध्ये कंपनीनं स्टीमर बॅग काढली. मऊ, घडी होणारी, मोठ्या ट्रंकेत मावणारी. ती होती बोटीच्या लांब प्रवासात मळलेले कपडे वेगळे ठेवायला. म्हणजे ज्या पिशव्या आज लोक काचेच्या कपाटात ठेवतात, त्यांची आजी धुण्याची पिशवी होती. पुढे १९३० च्या सुमारास कीपऑल आणि स्पीडी आल्या. १९३२ मध्ये नोए आली, तीही शॅम्पेनच्या पाच बाटल्या न्यायला: चार उभ्या, एक मधोमध उलटी. सतरा वर्षं बाटल्या पेटीत लावणाऱ्या लुईला ही रचना आवडली असती.

मटेरियलबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तोही आजच मिटवू. ती तपकिरी नक्षीची बॅग चामड्याची नसते. ते कॅनव्हास असतं. सुरुवातीला मोनोग्रामची नक्षी कापडात विणलेली होती, नंतर ती लेप दिलेल्या कापडावर छापली जाऊ लागली. पण ते कापड ताठ असायचं, पेटीवर चिकटवायला ठीक, मऊ बॅगेला त्रासाचं. १९५९ मध्ये लवचीक कॅनव्हास आलं, सुती कापड आणि त्यावर पीव्हीसीचा पातळ थर. मग कुठे मऊ बॅगांना मोकळं रान मिळालं. म्हणजे लाखाच्या पुढे गेलेल्या बॅगेचा बराचसा भाग सूत आणि प्लॅस्टिक आहे. हे ऐकून माझ्या एका मैत्रिणीचा चेहरा असा पडला की विचारू नका.

चामडं असतं ते पट्ट्यांना, हॅण्डलला, कडांना. तेही रंग न दिलेलं, वनस्पतीच्या अर्कानं कमावलेलं गाईचं चामडं. नवं असताना जवळजवळ दुधी. हाताचा घाम, ऊन, हवा लागून ते हळूहळू मधासारखं पिवळं आणि मग तपकिरी होतं. हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडंही पारंपरिक पद्धतीनं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात, आणि आजोबांची चपल वापरून वापरून कशी गडद झालेली असते, ते आठवून बघा. रसायन तेच, झाडपाल्यातलं टॅनिन.

आणखी एक गंमत. स्पीडी किंवा कीपऑलची जुन्या पद्धतीची बॅग हातात आली तर उलटून मागची बाजू बघा. मागे एल-व्ही उलटे दिसतील, डोकं खाली. बरेच जण हे बघून छातीठोकपणे सांगतात की बॅग नकली आहे. उलट आहे! पुढची बाजू, तळ आणि मागची बाजू एकाच अखंड कापडाची असते, त्यामुळे पुढे सरळ असलेली नक्षी वळून मागे गेली की उलटी होणारच. तळाला शिवण न घालता जास्त वजन पेलता येतं. पेट्या बनवणाऱ्यांचा हा विचार आहे, फॅशनवाल्यांचा नव्हे.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे. भारतातल्या संस्थानिकांकडे युरोपातून सामान मागवायची हौस आणि पैसा दोन्ही होतं. १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी, म्हणजे आपल्या सयाजीराव गायकवाडांसाठी, या कंपनीनं खास चहाची पेटी बनवली. प्रवासात चहाचा सगळा सरंजाम जागच्या जागी बसेल अशी. ती पुढे कंपनीच्या प्रदर्शनांतही मांडली गेली. त्यानंतर तीनचतुर्थांश शतकानं, २००३ मध्ये, कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीत उघडलं आणि लवकरच मुंबईत ताजमहाल हॉटेलात दुसरं. १९८७ पासून कंपनी एका बड्या उद्योगसमूहाचा भाग आहे.

आनिएरचं ते घर आणि कार्यशाळा मात्र अजून जागेवर आहे. ऑर्डरच्या खास ट्रंका आजही तिथे बनतात. पॉप्लरचा सांगाडा, त्यावर कॅनव्हास, मग कडेनं एकेक खिळा हातोडीनं ठोकायचा, त्यानंतर कुलूप. कुलपावर नंबर असतो आणि तो गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदलेला असतो. किल्ली हरवली तर त्या नंबरावरून दुसरी करून देता येते.